धोट्याचा डोळा आणि लेकीचा अर्ज

रविवारची दुपार होती. जेवणे आटोपली होती. आबा पंख्याखाली खाटेवर पडले होते. आमच्या धाकट्या लेकीने एक कागद आमच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "आई, बाबा, मी ती नोकरी घेत नाही. पीएच.डी.ला अर्ज करतेय."

विषय कोणता, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "मॅन्युफॅक्चरिंग. म्हणजे नव्या पद्धतीने वस्तू बनवण्याचं शास्त्र."

आम्ही दोघे नवरा-बायको एकमेकांकडे बघत राहिलो. आमच्या घरात वस्तू बनवणे म्हणजे गिरणी. गिरणी म्हणजे भोंगा, तिसरी पाळी, कापसाची धूळ आणि शेवटी १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला तो संप. मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांबरोबर आमचे आबाही त्या दिवशी बाहेर पडले आणि पुन्हा कधी आत गेले नाहीत. पुढची वीस वर्षे त्यांनी वॉचमनकी केली. आम्हांला शिकवले ते एकाच हट्टाने, की घरातल्या कुणाला पुन्हा कारखान्याचे तोंड बघावे लागू नये. त्या हट्टामुळे आमच्यापैकी एक कारकून झाला आणि दुसरी शाळेत शिक्षिका. आणि आता एम.टेक. झालेली आमची लेक म्हणते, मला कारखान्यावरच संशोधन करायचे आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, ही आमच्या घरातली गोष्ट आहे. पण असा कागद आज ना उद्या तुमच्याही घरात कुणीतरी पुढे ठेवील, म्हणून ती लिहून काढत आहोत.

आधी हे शास्त्र काय आहे ते सांगितले पाहिजे. आम्हांलाही ते लेकीकडूनच कळले. पाटा घडवताना दगडावर छिन्नी मारून नको तो भाग उडवतात. लेथवर किंवा मिलिंग मशीनवर धातूचे काम होते तेही तसेच. ठोकळा घ्यायचा, कापत जायचे, उरेल ती वस्तू. नवी रीत याच्या उलट आहे. टिटॅनियमसारख्या धातूची मैद्याहून बारीक भुकटी सपाट पसरतात. वरून लेसरचा किरण फिरतो आणि हवी तेवढीच भुकटी वितळवतो. ती घट्ट झाली की तिच्यावर पुढचा थर. एकेक थर साधारण केसाच्या जाडीइतका किंवा त्याहूनही पातळ. बोटभर उंचीच्या वस्तूला असे हजार-दोन हजार थर लागतात. छिन्नी किंवा कातर जिथे पोचणारच नाही अशा आतल्या पोकळ्याही या रीतीने जमतात.

ऐकायला सोपे वाटते, पण तसे नाही. भुकटीचे कण कसे हवेत ते धातुशास्त्र सांगते. लेसर किती तापवायचा ते पदार्थविज्ञानाचे काम. वितळलेला धातू थंड होताना ओढला जातो, वस्तू वाकते, तडकते, आत डोळ्यांना न दिसणारी छिद्रे राहतात. ती शोधायला इलेक्ट्रॉनिक्सवाला लागतो आणि प्रत्येक थराची माहिती तपासायला संगणकवाला. वस्तू जर माणसाच्या शरीरात बसवायची असेल तर डॉक्टर हवाच. म्हणून जगभरच्या विद्यापीठांत आता अशा कामाला एकाच विभागाचा कार्यक्रम पुरत नाही. चार-पाच विभागांची माणसे एका टेबलाभोवती बसतात. आमच्या लेकीने अर्ज केला होता तो असाच अनेक विषयांचा मिळून केलेला कार्यक्रम.

"पण याचा आपल्याला काय उपयोग?" असे आम्ही विचारले. त्यावर तिने आम्हांला परळमधलेच उदाहरण दिले.

परळचे टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली सुरू झाले. त्याच्या दारातल्या फुटपाथवर गावोगावचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक बसलेले आपण सगळे बघतो. हाडाचा कर्करोग बऱ्याचदा वाढत्या वयाच्या मुलांना होतो आणि अनेकदा गुडघ्याजवळच होतो. ऐंशीच्या दशकात आमच्या चाळीत, आमच्याच मजल्यावर एका मुलाला तो झाला होता. मांडीपासून पाय काढला. तो वाचला, पण क्रिकेट सुरू झाले की तो खिडकीतून बघत असे. ते आम्ही विसरलेलो नाही. पुढे शस्त्रक्रिया सुधारली. रोग झालेले हाड आणि गुडघा काढून तिथे धातूचा सांधा बसवता येऊ लागला आणि अनेकांचा पाय वाचू लागला. परंतु तो सांधा परदेशातून यायचा, त्याची किंमत गरिबाला झेपणारी नव्हती, आणि तो बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मांडी घालून जेवणारा, उकिडवा बसणारा माणूस नव्हता.

तेव्हा पवईच्या आयआयटीत यंत्र अभियांत्रिकीचे प्राध्यापक बी. रवी यांच्या पुढाकाराने एक गट तयार झाला. आयआयटीतले अभियंते, हैदराबादच्या धातू संशोधन केंद्रातले धातुतज्ज्ञ आणि टाटा हॉस्पिटलमधले हाडांच्या कर्करोगाचे शल्यचिकित्सक असे तिघे एकत्र आले. सीटी स्कॅनवरून संगणकात हाडाचा आकार उभा करायचा, त्यावर सांधा आखायचा, धातुतज्ज्ञांनी तो घडवायचा आणि शल्यचिकित्सकांनी सांगायचे की हा स्क्रू इथे चालणार नाही. असा भारतीय बनावटीचा गुडघा तयार करण्याचे काम त्यांनी केले. याच अनुभवातून २०१४ साली महाराष्ट्र शासनाच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने आयआयटीत 'बेटिक' हे वैद्यकीय उपकरणांचे केंद्र उभे राहिले आणि पुणे, नागपूरच्या अभियांत्रिकी संस्थांतही त्याच्या शाखा निघाल्या.

लेक म्हणाली, "बघा बाबा, एकट्या इंजिनिअरने हा गुडघा केला असता तर तो मजबूत झाला असता, पण माणसाला बसला नसता."

हे ऐकत आबा उठून बसले. त्यांनी विचारले, "म्हणजे धोट्याच्या डोळ्यासारखं?"

लेकीला ते कळले नाही. नव्या पिढीला कळायचे कसे? म्हणून त्या दुपारी आबांनी ती गोष्ट पुन्हा सांगितली. आम्ही ती लहानपणापासून ऐकली होती, पण तिचा या विषयाशी संबंध आहे हे त्या दिवशी प्रथमच लक्षात आले.

आबांचे वडील १९२६ साली गावाहून मुंबईला आले आणि लालबागच्या एका गिरणीत रिंग खात्यात लागले. आपली बहुतेक माणसे तेव्हा सूतकताईच्या खात्यांत होती. साचा खात्यात, म्हणजे मागांवर, पगार जास्त. पण साचा खाते आपल्याला बंद होते. याचे कारण सांगितले जाई ते असे. मागावर धोटा या टोकाहून त्या टोकाला धावतो. धोट्यात सुताची कांडी असते. कांडी संपली की साचेवाला नवी घालतो आणि तिचे सूत धोट्याच्या बाजूच्या बारीक भोकातून, म्हणजे डोळ्यातून, बाहेर काढतो. हाताने काढण्यात वेळ जातो. म्हणून त्या डोळ्याला तोंड लावून श्वास आत ओढायचा, की सूत ओठांवर येते. दिवसातून कितीतरी वेळा हे करावे लागे. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडी. "महाराचं तोंड लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही," असे इतर कामगार म्हणत. जॉबर ते मान्य करी आणि मालक कानावर हात ठेवी.

एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ असा सहा महिने चाललेला गिरणी संप आपल्याला ठाऊक आहे. त्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. विणकाम खाते अस्पृश्य कामगारांना खुले झाले पाहिजे, ही मागणी त्यांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे लावून धरली. कामगारांच्या हक्कांची भाषा बोलणाऱ्यांनी आधी कामगारांमधला हा भेद मोडावा, असे त्यांचे म्हणणे होते. बाबासाहेब तेव्हा परळला पोयबावडीच्या बी.आय.टी. चाळीत राहत होते, गिरण्यांच्या भोंग्यांच्या आवाजात. त्यांना हे पुस्तकातून समजलेले नव्हते.

आता यातली यंत्राची बाजू पाहा. तोंडाने सूत ओढण्याची ही रीत केवळ मुंबईची नव्हती. इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये आणि अमेरिकेच्या कापड गिरण्यांतही ती होती. तिथे ओरड झाली ती आरोग्यावरून. एकाची थुंकी दुसऱ्याच्या तोंडात जाते, रोग पसरतात, दात खराब होतात, असे डॉक्टर सांगू लागले. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली कायदा करून अशा धोट्याला मनाई केली. इंग्लंडमध्ये बंदी यायला १९५२ साल उजाडले. हाताने सूत ओवता येईल असा धोटा बनवणे काही अशक्य नव्हते. १८९० च्या दशकात अमेरिकेत नॉर्थ्रॉपचा स्वयंचलित माग आला, त्यात तर कांडी आपोआप बदलत असे आणि सूतही धोट्यात आपोआप ओवले जात असे.

म्हणजे आबांच्या वडिलांनी गिरणीत पाऊल टाकले त्याच्या कितीतरी आधी या डोळ्यावर उपाय निघालेला होता. दोष यंत्राचा होता. तो आपल्या माणसांच्या तोंडाचा ठरवला गेला. अभियंत्याने फक्त मागाचा वेग पाहिला. डॉक्टर गिरणीत आलाच नाही. मालकाने खर्च पाहिला. आणि ज्याच्यासाठी ते दार बंद होते त्याला कुणी विचारलेच नाही. नुसता धोटा बदलला असता म्हणजे जातिभेद गेला असता, असे आम्ही म्हणत नाही. पाण्याचे माठही वेगळे होतेच, त्यांना कुठे डोळा होता? पण निदान एक निमित्त तरी गेले असते, आणि सगळ्याच साचेवाल्यांची फुप्फुसे सुखी झाली असती.

आबा एवढ्यावर थांबले नाहीत. ते म्हणाले, "नव्या मशीनचं कौतुक मला सांगू नकोस. अठ्ठावीसचा संप कशावरून झाला होता? एका माणसानं दोनाच्या ऐवजी तीन साचे बघावेत, रिंगवाल्यानं दोन बाजू बघाव्यात, यावरून. मालकही त्याला सुधारणाच म्हणत होते. तुझ्या ह्या मशीननं किती माणसं घरी बसणार?"

लेक गप्प झाली. मग तिने प्रामाणिकपणे सांगितले, "काही बसतील, आबा. काही नवी कामं निघतील, पण ती त्याच माणसांना मिळतील असं नाही." तिचे हे उत्तर आम्हांला आवडले. ज्याला आपल्या विषयाचे वाईटही दिसते त्याच्या हाती तो विषय द्यायला हरकत नसावी.

मग आबांनी तो प्रश्न विचारला, ज्याने सगळे बदलले. "ती भुकटी म्हणालीस, ती उडते का गं?"

आबांनी बावीस वर्षे ब्लो रूम आणि कार्डिंग खात्यात काढली. कापसाच्या गाठी फोडायच्या, पिंजायच्या, सगळीकडे पांढरे धुके. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेले की त्यांची छाती जड होई, मंगळवारनंतर थोडे बरे वाटे. घरात सगळे म्हणत, सुट्टीचा आळस. पुष्कळ वर्षांनी एका डॉक्टरने सांगितले की कापसाच्या धुळीच्या रोगाची, बिसिनोसिसची, ही ओळखीची खूण आहे. सोमवार हीच त्याची पायरी. आज आबा चौऱ्याऐंशीच्या घरात आहेत आणि जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबतात.

लेक म्हणाली, "उडते. फार बारीक असते. नाकात जाऊ नये म्हणून मास्क लावतात. टिटॅनियमची भुकटी पेटसुद्धा घेते, म्हणून मशीनच्या आत आर्गॉन वायू भरतात, प्राणवायू जवळजवळ काढून टाकतात."

"ते मशीन चालू असताना. काम झाल्यावर साफ कोण करतं?"

लेक म्हणाली, "विद्यार्थी करतात. व्हॅक्यूम लावून."

"आणि खालची फरशी? ते हातमोजे, फडकी, गाळणीतला कचरा?"

लेकीला ते माहीत नव्हते. एम.टेक.ला असताना तिने अशा एका प्रयोगशाळेत सहा महिने काम केले होते, तरी माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी ती तिथे जाऊन विचारून आली. ती प्रयोगशाळा कोणती हे इथे सांगण्याचे कारण नाही, कारण हे कुठेही घडू शकते. विद्यार्थ्यांना चांगले मास्क होते. संध्याकाळी फरशी पुसायला आणि कचऱ्याच्या पिशव्या उचलायला कंत्राटावरचा एक सफाई कामगार येत असे. त्याला कुणी मास्क दिला नव्हता, आणि त्या पिशवीत काय आहे हेही सांगितले नव्हते. तो कुठल्या समाजाचा असेल हे वाचकांना आम्ही सांगायला नको. लेक त्याला रोज बघत होती आणि तिलाही तो दिसला नव्हता, याचे तिला फार वाईट वाटले. रात्री ती नीट जेवली नाही.

त्याच रात्री तिने आपल्या अर्जातला संशोधनाचा हेतू पुन्हा लिहिला. भुकटीचे थर, लेसरची उष्णता, आतली छिद्रे हे सगळे होतेच. त्यात एक परिच्छेद वाढला. भुकटी मशीनमधून बाहेर पडल्यावर कुठे कुठे जाते, किती उडते, कुणाच्या श्वासात जाते हे मोजायचे आणि मशीनची रचनाच अशी करायची की ती साफ करणाऱ्याला धोका राहू नये. एका हितचिंतकाने अर्ज वाचून सल्ला दिला, "हा भाग काढून टाक. हे समाजकार्य झालं, यात इंजिनिअरिंग काय आहे?" तिने काढला नाही.

आमच्या घरात मात्र आठवडाभर शांतता नव्हती. खोटे कशाला सांगा? नोकरीचा पगार महिना साठ हजार होता. शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते सुरू व्हायचे होते. आबांची औषधे आहेत. २०२३ पासून केंद्र सरकारच्या संशोधन अधिछात्रवृत्तीची रक्कम पहिली दोन वर्षे महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० आहे. आम्ही वहीवर आकडे मांडले आणि पाच वर्षांचा फरक काढला तेव्हा आमच्यापैकी एकाने वही मिटून टाकली. लालबागची आत्या म्हणाली, "मुलगी तिशीला येईल, मग स्थळं कोण आणणार?" दुसरी भीती आम्ही बोलून दाखवली नाही. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये एकाने तिला लेथपासून बाजूला करून म्हटले होते, "तुम्ही लोक ड्रॉइंग करा, हे तुम्हांला जमायचं नाही." 'तुम्ही लोक' म्हणजे मुली की आणखी काही, हे तिने तेव्हा विचारले नाही. घरी येऊन सांगितले आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन लेथ धरली. पण पाच वर्षे रोज असे धरून राहणे सोपे नसते, हे आपल्या घरांना ठाऊक आहे.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी आम्ही दोघे पाय मोकळे करायला निघालो ते नायगावहून माटुंग्यापर्यंत गेलो. तिथे दोन संस्था जवळजवळ आहेत. एक व्ही.जे.टी.आय. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या नावाने तिची स्थापना झाली, आधी भायखळ्याला होती, १९२३ मध्ये माटुंग्याला आली आणि १९९७ पासून वीरमाता जिजाबाईंचे नाव लावते. दुसरी, मुंबई विद्यापीठाने १९३३ मध्ये काढलेला रासायनिक तंत्रज्ञान विभाग, जो २००८ पासून स्वतंत्र अभिमत विद्यापीठ झाला आहे. एकीत कापड उत्पादन, दुसरीत कापडाचे रसायन, असे विषय पहिल्यापासून शिकवले गेले. दोन्हींच्या मागे गिरणी मालकांच्या देणग्या आणि गिरण्यांची गरज होती. म्हणजे विद्यापीठ आणि कारखाना यांचे नाते मुंबईत काही आज जुळलेले नाही. शंभराहून अधिक वर्षांचे आहे. आबांचे वडील या रस्त्याने कितीदा गेले असतील. गिरणीसाठी लागणारे ज्ञान या भिंतींच्या आत तयार होत होते आणि गिरणीतला माणूस बाहेरून चालला होता.

तिथे फाटकासमोर उभे असताना आम्हांला १९४२ सालची गोष्ट आठवली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना एक निवेदन दिले. त्यात त्यांनी मांडले होते की केवळ कला शाखेचे किंवा वकिलीचे शिक्षण आपल्या समाजाला फारसे पुढे नेणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण मिळाले पाहिजे, आणि ते इतके खर्चाचे आहे की सरकारने शिष्यवृत्त्या दिल्याशिवाय आपल्या मुलांना परवडणार नाही. स्वतः अर्थशास्त्र आणि कायदा शिकलेल्या माणसाने हे लिहावे, याला अर्थ आहे. आम्ही कारखान्यापासून दूर पळण्यासाठी शिकलो. बाबासाहेब सांगत होते की यंत्र ज्याच्या डोक्यातून निघते त्या जागेवर जाऊन बसा. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो ओळखायला आम्हांला आमच्या लेकीचा अर्ज यावा लागला.

घरी आलो आणि तिला सांगितले, "भर अर्ज. कर्जाचं आम्ही बघतो." घराची डागडुजी दोन वर्षे पुढे ढकलली. आत्या अजून रुसलेली आहे.

मुलाखतीला पाच तज्ज्ञ होते. तिथे त्या वाढवलेल्या परिच्छेदावरच सगळ्यांत जास्त प्रश्न आले. हवेतले कण कसे मोजशील? कुठल्या आकाराचे कण फुप्फुसात खोल जातात? गाळणी कुठे बसवशील? वैद्यकीय विभागातले कोण बरोबर घेशील? काहींची उत्तरे तिला आली, काहींची नाहीत. नाही आली ती तिने "मला माहीत नाही, पण शिकायचं आहे" असे सांगितले. महिन्याभराने निवड झाल्याचे पत्र आले. जुलैपासून ती वसतिगृहात राहते.

आपल्या मुलामुलींसाठी दोन कामाच्या गोष्टी सांगून थांबतो. अशा कार्यक्रमांसाठी साधारणपणे गेट ही परीक्षा द्यावी लागते. ती दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमारास होते आणि पदवीच्या तिसऱ्या वर्षापासूनच तिची तयारी केलेली बरी. अनुसूचित जातींच्या संशोधकांसाठी केंद्राची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे, पुण्याच्या बार्टीचीही आहे. त्यांच्या जाहिराती वेळेवर बघाव्यात, जातवैधतेचे कागद आधीच करून ठेवावेत. आणि घरातल्या म्हाताऱ्या गिरणी कामगाराला त्याच्या खात्याची, त्याच्या यंत्राची, त्याच्या खोकल्याची गोष्ट मुलांसमोर विचारावी. त्याला जे ठाऊक आहे ते पुस्तकात सापडत नाही, आणि तो फार दिवस आपल्यात राहणार नाही.

लेक आता शनिवारी रात्री घरी येते आणि सोमवारी पहाटे परत जाते. निघताना आबा जागेच असतात. खोकल्याची उबळ ओसरली की विचारतात, "काय गं, भुकटी उडते का अजून?"

परवा ती म्हणाली, "उडते, आबा. पण आता किती उडते ते मोजायला लागलोय. त्या सफाईच्या मामांना मास्क मिळाला, आणि मशीन कुठून गळतं ते त्यांनीच आम्हांला दाखवलं."

आबा म्हणाले, "त्यांचं नाव लिहिलंस का वहीत?"

तिने पिशवी खाली ठेवली, वही काढली आणि आमच्यासमोर उभ्या उभ्या लिहिले. मग गाडी चुकेल म्हणून धावत जिना उतरली.